सखू तिसरीची पोर

आईचा हात ओला होता. त्याला राखेचा आणि खरकट्याचा वास येत होता. तो हात माझ्या डोक्यावर होता, आणि समोर पायरीवर उभी असलेली मुलगी आईला एकेक शब्द सांगत होती.

"म्हण, नथ मी घेतली असेल तर ही पोर आठ दिवसांत मरेल."

आईने म्हटलं.

"मोठ्याने म्हण. माईंना आत ऐकू गेलं पाहिजे."

आईने मोठ्याने म्हटलं.

मी सहा वर्षांची होते. बंगल्याच्या मागच्या अंगणात आई भांडी घासायची आणि मी शेजारी बसून चमच्यांशी खेळायचे. आम्ही मातंग. त्या घराला ते माहीत होतं. म्हणून भांडी अंगणातच घासायची, आणि घासलेल्या भांड्यांवर माई स्वतः पाणी ओतून मगच ती आत घ्यायच्या. गौरी-गणपतीचे दिवस होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि माईंची मोत्यांची नथ सापडत नव्हती. पाहुण्यांना विचारायची सोय नव्हती. विचारता येईल असं एकच माणूस होतं, ते मागे अंगणात. आईला पदर झटकून दाखवायला लावलं. कनवटी सोडून दाखवायला लावली. पातळाच्या निऱ्या सोडून दाखवायला लावल्या, भर दुपारी, दारात पाहुण्या बायका उभ्या असताना. काही निघालं नाही. मग शपथ.

शपथ सुचली ती पायरीवरच्या त्या मुलीला. वसुधा तिचं नाव. माईंची धाकटी, कॉलेजात जाणारी. तिच्या मागे उभ्या असलेल्या मावसबहिणी तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

नथ चार-पाच दिवसांनी माईंच्याच चष्म्याच्या घरात सापडली. हे मला कोणी सांगितलं नाही. सहा वर्षांच्या पोरीला कोण कशाला सांगतं? मी मरायची वाट बघत होते. आईने नथ घेतली नसणार हे मला ठाऊक होतं, पण चुकून घेतली असेल तर? आमच्या खोलीतले सगळे डबे मी उघडून पाहिले. तांदळात हात घालून पाहिला. गोधड्यांच्या घड्या उलगडल्या. नथ मिळाली तर धावत जाऊन देऊन यायची, म्हणजे आपण वाचू, असा माझा हिशेब. आठवा दिवस गेला, नववा उजाडला, आणि मी मेले नाही. त्याचं मला फार आश्चर्य वाटलं. कोणाला काही बोलले नाही.

ही माझी बाजू झाली. त्यांची बाजू छापलेली आहे, चांगल्या गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर बंगल्याचा फोटो घालून. पुस्तकाचं नाव 'श्रमसाफल्यातले दिवस'. 'श्रमसाफल्य' हे बंगल्याचं नाव. श्रम कोणाचे आणि साफल्य कोणाचं, हे पुण्यात कोणी विचारत नाही.

मी आता बँकेत अधिकारी आहे. बदल्यांवर बदल्या होत शेवटी पुण्यात आले आणि कोथरूडला फ्लॅट घेतला. आई माझ्याकडेच असते. आमच्या सोसायटीत एक बुक क्लब आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं. एक पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं, प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा. जेवणाआधी प्रत्येकाने आपला आवडता उतारा मोठ्याने वाचायचा, हा नियम. लिफ्टमध्ये माझ्या हातात पुस्तक बघून चौथ्या मजल्यावरच्या मेधाताई म्हणाल्या होत्या, "अय्या, तुम्ही वाचता?"

"हो. लिहितासुद्धा येतं," मी म्हटलं.

त्या खळखळून हसल्या. पुण्यात टोमणा नीट बसला की दाद मिळते. पुढच्या महिन्यात मला बोलावणं आलं.

दोन वर्षं मी जात होते. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. पुस्तकांवर बोलायला माणसं मिळाली होती. मधूनमधून कोणीतरी विचारायचं, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" मी म्हणायचे, पुण्याचीच. "नाही, म्हणजे मूळच्या?" मूळचीही पुण्याचीच. माझ्या आडनावावरून त्यांना अंदाज येत नव्हता आणि सरळ विचारायची त्यांची पद्धत नव्हती. माझ्या आईच्या हातची भरली वांगी मात्र त्यांनी डोक्यावर घेतली होती. "काय हात आहे हो तुमच्या आईंचा!" हे मी घरी येऊन सांगितलं की आई दोन दिवस खुशीत असायची.

मग मेधाताईंनी पुढचं पुस्तक सांगितलं. त्यांच्या मावशींचं, म्हणजे वसुधाताईंचं, 'श्रमसाफल्यातले दिवस'. घराण्याच्या आठवणी. पहिली आवृत्ती हातोहात संपत आलेली, दुसरी छापायला जाणार. आणि लेखिका स्वतः जेवायला येणार होत्या.

पुस्तक माझ्या टेबलावर पडलं होतं. आईला वाचता येत नाही, पण तिने मुखपृष्ठ ओळखलं.

"हे तर माईंचं घर. मागं पेरूचं झाड व्हतं. हाय का आत?"

"आहे."

"आन मी?"

"तुझं नाव नाही."

ते खरंच होतं. माझ्या आईचं नाव कौसल्या. पुस्तकात एक प्रकरण होतं, 'सखू पहिली, दुसरी, तिसरी'. घरात फार पूर्वी सखू नावाची कामवाली होती. ती गेली, दुसरी आली. नवं नाव लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून तीही सखूच. मग तिसरी आली, तीही सखू. लेखिकेने लिहिलं होतं, 'इंग्लंडात जसे एकाच नावाचे राजे, तशा आमच्याकडे सखू!' सखू तिसरी म्हणजे माझी आई. तिच्या बारशाला ठेवलेलं नाव त्या घरात बारा वर्षांत कोणी एकदाही घेतलं नाही.

त्या प्रकरणात नथेची गोष्ट होती. हसण्यासारखी लिहिली होती. सखूची उडालेली तारांबळ, सखूची भाषा, 'बिचारीने आपल्या शेंबड्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली', आणि नथ निघाली चष्म्याच्या घरात. मग माईंनी मोठ्या मनाने सखूच्या पोरीला रव्याचा लाडू दिला आणि पोरीने तो इतक्या घाईने तोंडात कोंबला की तिला ठसका लागला. 'सखूसुद्धा आमच्याबरोबर पोट धरधरून हसली. अशी माणसं आता कुठे मिळतात?' निऱ्यांचा उल्लेख नव्हता. शपथेचे शब्द नव्हते.

तो लाडू मला आठवतो. मला वाटलं होतं, आता मरायचंय म्हणून गोड देताहेत.

जाऊ नये असं वाटत होतं. पण गेले, कारण मला एकच गोष्ट बघायची होती. ज्या माणसांबरोबर मी दोन वर्षं पुस्तकं वाचली, जी परक्या देशांतल्या गुलामांच्या कहाण्या वाचताना डोळे पुसत होती, त्यांच्यापैकी एक तरी म्हणेल का, की हे वाईट झालं? एक जण पुरला असता. मी आईची वांगी घेऊन मेधाताईंकडे गेले.

वसुधाताई सोफ्यावर मधोमध बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पण मान तशीच, पायरीवर उभी असल्यासारखी. मला त्यांनी ओळखलं नाही. "अहो या, बसा ना," म्हणाल्या.

मेधाताईंनी नेमका तोच उतारा निवडला होता. त्या एकेकाळी नाटकांत काम करायच्या. त्यांनी सखूचा आवाज काढला. नाकातून, हेल काढून, 'न्हाई वो माई, म्या न्हाई घेतली!' खोली हसत होती. निवृत्त प्राध्यापक असलेले जोशी सर चष्मा काढून डोळे पुसत होते. लाडवाच्या ठसक्याला तर टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "आमची बाई हल्ली मोबाइलवर सुट्टी कळवते. वर अंगठा पाठवते." पुन्हा हसणं. मी एकेकाचा चेहरा बघत होते. एकही चेहरा अवघडलेला नव्हता.

"आता तुमचा उतारा," मेधाताई मला म्हणाल्या.

"माझाही हाच. पण त्यात एक वाक्य राहिलंय." मी वसुधाताईंकडे वळले. "शपथ नेमकी काय होती?"

"हेच आपलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"शब्द काय होते?"

"इतकं कुठे आठवतंय आता?"

मी शब्द सांगितले. पायरीवरून सांगितले होते तसे, एकेक. मोठ्याने म्हण, तेही सांगितलं.

"तुम्हाला कसं माहीत हे?" मेधाताईंनी विचारलं.

"डोकं माझं होतं."

त्या क्षणी मला आशा वाटली. खरंच वाटली. आता कोणीतरी मान खाली घालेल, कोणीतरी पुस्तक मिटेल, असं वाटलं. वसुधाताई उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही गाल धरले.

"अगं बाई! तू सखूची पोर? केवढी झालीस गं!"

आणि खोलीत आनंदीआनंद झाला. अंगावर काटा आला म्हणे सगळ्यांच्या. काय हा योगायोग म्हणे. मोबाइल निघाले. वसुधाताई माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्याच चमच्यांशी खेळत मोठी झाली ही. आमच्याच अन्नावर. आज बँकेत साहेब आहे. माई असत्या तर किती धन्य वाटलं असतं त्यांना!" माझ्या आईने लोकांची धुणीभांडी करून मला शिकवलं, मी रस्त्यावरच्या दिव्याखाली नाही पण वस्तीतल्या एका बल्बखाली अभ्यास केला, परीक्षा दिल्या. त्याचं श्रेय एका रव्याच्या लाडवाला गेलं.

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. "ते वाक्य तुम्हाला आठवतं," मी म्हटलं.

"आठवतं की," त्या अगदी सहज म्हणाल्या. "आधी लिहिलंही होतं. मग काढलं. त्या वाक्याने सगळी गंमतच जाते ना उताऱ्याची. वाचक हसता हसता थांबतो."

लेखिका चांगल्या आहेत त्या. कुठे काय काढायचं ते कळतं त्यांना.

"मग दुसऱ्या आवृत्तीत घाला," मी म्हटलं.

"इतकं काय मनाला लावून घेतेस? आम्ही मुलंच होतो तेव्हा."

"तुम्ही कॉलेजात होतात. मूल मी होते."

"बरं बाई, चुकलं. पण मरेल म्हटल्याने कोणी मरतं का? बघ, चांगली धडधाकट आहेस. उलट आयुष्यच वाढलं असेल तुझं!"

सगळे हसले. मोकळं झाल्यासारखे हसले. जोशी सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण साहित्याकडे साहित्य म्हणून बघायला शिकलं पाहिजे." एरवी हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकून वहीत लिहून घेतलं असतं.

मग जेवण. मेधाताई स्वयंपाकघराच्या दारातून मला म्हणाल्या, "अगं, ताटं घेतेस का जरा बाहेर?" दोन वर्षांत त्यांनी मला असं कधी सांगितलं नव्हतं. खोलीत दहा बायका होत्या. मी जागची हलले नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि मग स्वतःच ताटं घेऊन आल्या, जरा आपटतच.

त्या रात्री भरल्या वांग्यांना कोणी हात लावला नाही. एकीला पित्त झालं होतं, दुसरीने वांगं सोडलं होतं, तिसरीला नुसतंच नको होतं. मागच्या महिन्यात याच बायका रश्शासाठी भांडं पुसून घेत होत्या. मी बघत होते आणि जेवत होते. मला भूक होती आणि ती मी लपवली नाही.

मी निघताना मेधाताई श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आल्या. त्यात उरलेला पुलाव भरला होता, वर दोन गुलाबजाम ठेवले होते. पुलावाला पाक लागला होता. बुक क्लबमध्ये उरलेलं कोणी कोणाला बांधून देत नाही. आपापलं भांडं घेऊन आपापल्या घरी जातात.

"सखूला दे हं," वसुधाताई मागून म्हणाल्या. "म्हणावं, ताईंनी आठवण काढली. आणि तिचा एखादा फोटो पाठव. दुसऱ्या आवृत्तीत टाकू."

मला राग आला होता. भीती वाटत नव्हती, हे मला त्याच वेळी कळलं आणि बरं वाटलं. मी तो डबा घेतला आणि वसुधाताईंच्या पुढ्यातल्या पुस्तकावर ठेवला.

"तिचं नाव कौसल्या आहे. तिने तुमचं उरलंसुरलं बारा वर्षं घरी नेलं. आता नेणार नाही. फोटो मिळणार नाही. पान काढू नका, तसंच ठेवा. फक्त ते वाक्य घाला. तुम्ही नाही घातलंत तर मी म्हणेन."

"धमकी देतेस?"

"हो."

"जेवण झाल्यावर हे असं शोभतं का?" मेधाताई म्हणाल्या. मी माझं वांग्यांचं भांडं उचललं, चपला घातल्या आणि जिन्याने घरी आले.

सकाळी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती. वांगी परत का आली, हे तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "हसले व्हते मी. खरं लिवलंय तिनं."

"का हसलीस?"

"समद्या हसत व्हत्या. न हसून काय करनार? दुसऱ्या दिशी भांडी व्हतीच की." थोड्या वेळाने तिने मेथी बाजूला सारली. "त्या आठ राती मी झोपले न्हाई. नथ घेतली नव्हती, घावली बी, पन माझ्या तोंडानं म्हनले व्हते ना. तुझ्या नाकाशी बोट धरून बसायची मी. श्वास चालतोय का बघायची."

मी डोळे मिटून पडलेली असायचे. आईला कळू नये म्हणून झोपेचं सोंग घ्यायचे. एकाच गोधडीत आम्ही दोघी जाग्या होतो, आणि आईला वाटत होतं मी झोपलेय. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही हे एकमेकींना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मरायला टेकलेल्या त्या सहा वर्षांच्या पोरीसाठी रडले, आणि तिच्या नाकाशी बोट धरून बसलेल्या, माझ्या आजच्या वयाहून कितीतरी लहान असलेल्या त्या बाईसाठी. आई रडली नाही. ती म्हणाली, "त्ये वाक्य म्हनायला जाशील तवा मला नेऊ नगंस. मी एकदा हसले त्येवढं बास. तू जा. आन हसू नगंस."

बुक क्लबच्या ग्रुपमधून माझा नंबर काढला आहे. कोणी काही कळवलं नाही. जिन्यात जोशी सर दिसले की त्यांना एकदम फोन येतो.

दुसरी आवृत्ती आली. मी विकत आणली. ते पान तसंच आहे, वाक्य नाही. खाली बारीक अक्षरांत एक तळटीप मात्र आहे. 'या सखूची मुलगी आज एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. अलीकडेच तिची भेट झाली आणि ऊर भरून आला.' म्हणजे आता आम्ही दोघीही त्यात आहोत. दोघीही बिननावाच्या.

पुण्यात अशा पुस्तकाचे कार्यक्रम पुष्कळ होतात. प्रकाशन, अभिवाचन, लेखिकेशी गप्पा. पत्रिका सगळ्यांना मिळते, प्रवेश सगळ्यांना असतो. मी सगळीकडे जाणार आहे. रजा टाकून जाणार आहे. पहिल्या रांगेत निमंत्रितांसाठी खुर्च्या राखून ठेवतात, त्यातल्या एकीवर बसणार आहे. तो उतारा वाचतीलच, कारण तो सगळ्यांचा आवडता आहे. लोक हसायला लागले की मी उभी राहीन, आईचं नाव सांगेन, माझं सांगेन आणि काढलेलं वाक्य म्हणेन. माईक देणार नाहीत हे मला माहीत आहे. मोठ्याने कसं म्हणायचं ते मी लहानपणीच ऐकलंय. कोणी खाली बसा म्हणेल, कोणी दार दाखवेल, कोणी साहित्य म्हणजे काय ते समजावेल. सभागृहातलं हसू पूर्ण थांबेपर्यंत मी खाली बसणार नाही.